चार्ज-यादीत नसलेली ओळख

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाची बदली झाली की त्याला चार्ज द्यावा लागतो. यादी लांबलचक असते. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रकं, कॅशबुक, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, पोषण आहाराचा तांदूळ इतके किलो, मूगडाळ इतकी, गॅस सिलिंडर, कढई, खुर्च्या, बंद पडलेला टीव्ही, कपाटाच्या किल्ल्या. घेणाऱ्याने मोजून घ्यायचं, देणाऱ्याने सही करायची. कढईला भोक असेल तर तेही लिहायचं, नाहीतर पुढे ऑडिटला अडकतं. मात्र चौथीतला एक मुलगा पाढे घडाघडा म्हणतो आणि फळ्यावरचं वाचायला सांगितलं की गप्प होतो, कारण त्याला लांबचं दिसत नाही आणि चष्म्याचा विषय काढला की घरी भांडण होतं, हे त्या यादीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. जुने गुरुजी एसटीत बसतात आणि ही माहिती त्यांच्याबरोबर गावाबाहेर जाते. नव्या गुरुजींच्या लेखी तो मुलगा ‘वाचनात कच्चा’.

शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या नात्याबद्दल आपल्याकडे बोललं भरपूर जातं. ५ सप्टेंबरला हारतुरे, गुरुपौर्णिमेला पाद्यपूजा, निरोप समारंभाला गहिवर. या सगळ्या बोलण्यात एक गृहीत असतं, की नातं शिक्षकाच्या स्वभावातून आपसूक उमलतं. बाई मायाळू असल्या की जमलं, सर तापट निघाले की फसलं. मला हे पटत नाही. स्वभाव लागतोच, पण त्याहून जास्त लागतात त्या अगदी रुक्ष गोष्टी. वर्गाचा पट किती, तोच शिक्षक त्या मुलांबरोबर किती वर्षं राहतो, दिवसातले किती तास तो कागदांपासून मोकळा असतो आणि त्याचे वरिष्ठ त्याच्याशी कुठल्या सुरात बोलतात. हे सगळं शासन, संस्थाचालक आणि मुख्याध्यापक ठरवतात. नातं ही धोरणाची बाब आहे. आपण ती संस्काराच्या खात्यावर मांडून हात झटकले आहेत.

मुळात चांगल्या नात्याची गरज कशासाठी? मुलं आनंदी राहावीत म्हणून, असं उत्तर पटकन येतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. शिकणं ही चूक दाखवण्याची क्रिया आहे आणि चूक माणूस कुणालाही दाखवत नाही. दुसरीच्या वर्गात ‘त्रेपन्न’ लिहायला सांगा. दोन-तीन पोरं हमखास ३५ लिहितात. आपल्या भाषेत एकक आधी ऐकू येतो, ‘त्रे’ आधी आणि ‘पन्न’ मागून, म्हणून हात आधी तीनाकडे जातो. ही अडचण ओळखूनच बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ असा पर्यायी उच्चार दिला. त्यावर केवढा गदारोळ झाला! विधिमंडळात विनोद झाले, वर्तमानपत्रांत अस्मितेचे अग्रलेख आले आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना साध्या गोष्टीचं वारंवार स्पष्टीकरण द्यावं लागलं. त्या वादात न आलेला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पाठ्यपुस्तक कसंही लिहा, पोराने ३५ लिहून पाटी छातीशी धरून ठेवली तर बाईंना ते कळणारच नाही. पाटी पुढे करायची की लपवायची, हे त्या पोराला बाईंची भीती किती वाटते त्यावर ठरतं. आणि पुढे केलेली पाटी पाहून ‘अरे, हे उलटं कसं?’ असं ओरडायचं की याने ऐकलं तसंच लिहिलंय हे ओळखायचं, ते बाई त्याला किती ओळखतात त्यावर. भीतीचा तोटा भावनिक असतो तसाच निव्वळ शैक्षणिकही असतो: झाकलेली चूक दुरुस्त होत नाही. पाचवी-सहावीपर्यंत अशा झाकलेल्या चुकांचा एवढा थर साचतो की ‘याला गणितात डोकंच नाही’ असा निकाल लागतो, आणि तो त्या मुलालाही मान्य असतो.

इथे माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यातला एक ठरलेला युक्तिवाद पुढे येतो. दहावीच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली, हॉल घेतला, वयोवृद्ध सरांना शाल-श्रीफळ दिलं, आणि मग माईकवर कुणीतरी सांगतो, सरांनी फोडून काढलं म्हणून आज इथवर आलो. टाळ्या पडतात, सर ओशाळून हसतात. हा पुरावा म्हणून मला कधीच गंभीरपणे घेता आला नाही. मेळाव्याला येतात ते टिकलेले. सातवीत मार खाऊन ज्याने दप्तर टाकलं आणि गॅरेजची वाट धरली, तो त्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नसतोच. त्याचा नंबर कुणाकडे नसतो. उरलेल्यांच्या आठवणींवरून छडीचा हिशेब मांडला तर तो नेहमी फायद्यातच दिसणार. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली, आणि २९व्या कलमात तर मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवणं हा शिकवण्याचाच भाग मानला. स्टाफरूममध्ये या कायद्याबद्दल काय बोललं जातं ते सगळ्यांना माहीत आहे: ‘हात बांधलेत आमचे.’ या तक्रारीत तथ्याचा एक भाग आहे. छडी काढून घेतली, पण तिच्या जागी काय वापरायचं याचं धड प्रशिक्षण दिलं नाही. चाळीस पोरांचा गलका शांत करणं हे कसब आहे, ते परिपत्रकाने येत नाही.

नातं हा धोरणाचा प्रश्न आहे, हे म्हणणं काही नवं नाही. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं त्यात ते आहे. प्राथमिक शाळांतले शिक्षक शक्य तितके शेतकरी समाजातून तयार करावेत, ते मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा-इच्छा त्यांना जास्त समजतील, आणि वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ते लाजणार नाहीत, असं जोतीरावांचं म्हणणं होतं. शिक्षकाने प्रेमळ व्हावं असा उपदेश त्यांनी केला नाही. सोवळं पाळून अंतर राखणारा माणूस मुलांना ओळखूच शकत नाही, तेव्हा भरतीच बदला, असं सांगितलं. इतका थेट विचार आपल्या शिक्षक दिनाच्या भाषणांत दीडशे वर्षांनीही सापडत नाही.

त्याच शतकाच्या अखेरीस साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर नावाचा मुलगा स्वतःचं गोणपाट घेऊन वेगळा बसत होता. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्यावरच पाणी, शिपाई नाही तर पाणी नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या वर्गात शिकवणारे वाईट शिकवत होते असं नव्हे. पण शिकवणाऱ्याचा आवाज पोचतो तेवढंच शिक्षण, बाकी अंतर जसंच्या तसं, अशी ती व्यवस्था होती. पुढे मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळूसकरांच्या नजरेला पडला. केळूसकर विल्सन हायस्कूलचे शिक्षक, मुलगा एल्फिन्स्टनचा. म्हणजे तो त्यांचा विद्यार्थीही नव्हता. तरी त्यांनी विचारपूस केली, पुस्तकं दिली, १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, आणि पुढे सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. ही गोष्ट आपण थोर गुरूची म्हणून सांगतो. मला तिच्यात एक फटही दिसते. आंबेडकरांना केळूसकर भेटले ते शाळेबाहेर, बागेत, योगायोगाने. शाळेने तशी भेट घडवण्याची कुठलीच सोय केलेली नव्हती.

आता एक आजचं उदाहरण. बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेतल्या बाईंशी मध्यंतरी बोलणं झालं. दसरा उलटला की तिथे ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायकोच्या जोडीने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, शेळी आणि पोरं. कागदावर सोय आहे. हंगामी वसतिगृह म्हणजे प्रत्यक्षात पोरं गावात नातेवाइकांकडे राहतात आणि जेवण मिळतं. पण कुठलं पोर मागे राहील हे योजना ठरवत नाही. बाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली होती: कुणाची आजी घरी आहे, कुणाच्या आजीला रात्रीचं दिसत नाही, कुठली मुलगी धाकट्याला सांभाळायला म्हणूनच फडावर नेली जाणार आहे. तिसरीतल्या एका मुलीसाठी त्या तीनदा घरी गेल्या. आजी म्हणाली, ‘बाई, तुमी म्हनता तर ऱ्हाऊ द्या, पन रातीला हिला ताप आला तर म्या कुठं पळू?’ प्रश्न रास्त होता. बाईंनी शेजारच्या घराशी बोलून ठेवलं, स्वतःचा नंबर भिंतीवर खडूने लिहून दिला. पोरगी राहिली. विशेष म्हणजे या बाई काही फार गोड बोलणाऱ्या नाहीत, वर्गात चांगल्या कडक आहेत. पण त्या शाळेत सहाव्या वर्षाला होत्या. पहिल्या वर्षी त्यांना आजीचं नावही माहीत नव्हतं, आणि आजीने त्यांचं ऐकलंही नसतं.

अशी ओळख कागदावर उतरावी म्हणून शासनाने प्रयत्न केलाच नाही असं नाही. २०१० नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना उत्तम होती. प्रत्येक मुलाकडे बारकाईने पाहा आणि त्याच्याबद्दल दोन खऱ्या ओळी लिहा. पुढे काय झालं ते कुठल्याही शाळेत विचारा. विषयवार तयार नोंदींच्या याद्या निघाल्या, पीडीएफ फिरल्या. ‘आत्मविश्वासाने बोलतो’, ‘गटात सहकार्य करतो’, ‘वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो’. सत्र संपताना दोन दिवस बसून त्या उतरवल्या जातात. एक नोंद एका मुलाला, दुसरी दुसऱ्याला, फार सारख्या दिसू नयेत म्हणून मध्ये अडथळ्याची एखादी नोंद. शिक्षकांना यावरून झोडपणं सोपं आहे. पण निरीक्षणाला वेळ न देता निरीक्षणाची नोंदवही दिली की असंच होणार. तपासणीला येणारे विस्तार अधिकारीही वही भरली आहे का एवढंच बघतात. नोंदीतला मुलगा वर्गात शोधून दाखवा, असं कुणी म्हणत नाही.

वेळ जातो कुठे? कायद्याच्या २७व्या कलमाने अशैक्षणिक कामांना बंदी घातली, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढे अपवाद ठेवले. निवडणुका या आता हंगामी राहिलेल्या नाहीत. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, नेमलेला शिक्षक वर्षभर मतदार यादीत गुंतलेला असतो. मतदार यादीचं काम सुटीच्या आणि बिगर-अध्यापनाच्या दिवशी द्यावं असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं होतं. ते किती पाळलं जातं हे शिक्षकांनाच विचारा. त्याशिवाय यू-डायस या सरकारी पोर्टलवरची शाळेची माहिती, पोषण आहाराचे रोजचे आकडे, अमुक दिनाचे फोटो आजच पाच वाजेपर्यंत ग्रुपवर. मुलं समोर बसलेली आणि गुरुजी फोनवर मुलांची माहिती भरताहेत, हे दृश्य इतकं सवयीचं झालं आहे की त्यातली गंमत आता कुणाला जाणवत नाही.

त्यात नोकरीचं स्वरूप. महाराष्ट्रात २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आली: पहिली तीन वर्षं मानधनावर. प्राथमिक शिक्षकाला ते सुरुवातीला महिना ३,००० रुपये होतं, मग ६,०००, आणि २०२३ मध्ये १६,००० झालं. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक एकाच दिवशी दोन-तीन कॉलेजं करतात. तास संपला की बस पकडायची. तासानंतर दाराशी अडखळत उभ्या असलेल्या मुलीशी बोलायला त्यांनी थांबावं ही अपेक्षा रास्त आहे, पण त्या थांबण्याचे पैसे कुणी देत नाही. आणि खुद्द ज्याच्याशी ‘खुलासा सादर करा’, ‘कारणे दाखवा’ याच भाषेत सतत बोललं जातं, तो वर्गात शिरल्यावर वेगळी भाषा कुठून आणणार? केंद्रप्रमुखाने मुख्याध्यापकाला झापावं, मुख्याध्यापकाने शिक्षकाला, शिक्षकाने पोराला, ही उतरंड ज्यांनी शाळा आतून पाहिली आहे त्यांना नवी नाही.

खासगी क्लासची गोष्ट वेगळी आहे आणि थोडक्यात संपते. तिथे ‘फ्रेंडली’ सर विकले जातात, होर्डिंगवर त्यांचे फोटो असतात. दोन-दोनशे पोरांच्या हॉलमध्ये ते विनोद करतात, पोरं खूश असतात. हा सराईत रंगमंच आहे. त्याला नातं म्हणायचं कारण नाही. चाचणीत मागे पडलेल्या मुलाची बॅच बदलली जाते, तेव्हा ते सरांच्या कानावरही जात नाही.

मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एकाच शिक्षकाला त्याच मुलांबरोबर दोन वर्षं ठेवणं. अँड्र्यू हिल आणि डॅनियल जोन्स या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या प्राथमिक शाळांची आकडेवारी तपासून २०१८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्या इयत्तेत तोच शिक्षक पुन्हा मिळाला तर मुलांचे गुण वाढतात, वाढ छोटी असते पण निश्चित असते, आणि अल्पसंख्य वंशगटांतल्या मुलांना तिचा फायदा जास्त होतो, असं त्यांना दिसलं. शिक्षक तोच, पगार तोच, पुस्तकं तशीच. वाढली ती फक्त ओळख. आणि जूनपासूनचे पहिले दोन महिने ‘तुझं नाव काय, कुठल्या वस्तीवरचा’ यात जात नाहीत. गंमत अशी की ही व्यवस्था आपल्याकडे न ठरवताच हजारो गावांत आहे. द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, म्हणजे प्रत्येक मूल एका शिक्षकाबरोबर किमान दोन वर्षं असतं. अशा लहान शाळांना आपण नेहमी उणेपणाच्या नजरेने पाहतो. एका खोलीत दोन वर्ग, प्रयोगशाळा नाही, खेळायला संघ नाही. उणिवा खऱ्या आहेत. पण २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला तेव्हा चर्चा झाली ती अंतराची, गाडीची आणि खर्चाची. त्या शाळांमधली ओळख मोडली तर तिची किंमत किती, हा प्रश्न खर्चाच्या तक्त्यात आलाच नाही.

जवळीक म्हटली की एक धोका समोर येतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराने अख्खा महाराष्ट्र हादरला. आरोपी शिक्षक नव्हता, सफाई कर्मचारी होता. तरी त्यानंतर अनेक शिक्षक, विशेषतः पुरुष शिक्षक, मुलांपासून दोन हात लांब राहू लागले. पडलेल्या पोराला उचलायलाही कचरतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण मुलांपासून लांब राहणं हे सुरक्षिततेचं उत्तर नव्हे. ज्या मुलाला शाळेत एकही मोठं माणूस जवळचं वाटत नाही, ते मूल काही वाईट घडल्यावर सांगणार कुणाला? जवळीक उघड्यावर, चारजणांच्या नजरेत आणि जाब विचारता येईल अशी हवी. शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या २०२२ मध्ये शासन निर्णयाने झाल्या. किती शाळांत त्यांची बैठक खरोखर होते आणि किती ठिकाणी फक्त फलक लागला आहे, हे पालकांनी जाऊन विचारायला हवं. पूज्य गुरूच्या कल्पनेला माझा आक्षेप इथेच आहे. ज्याच्या पाया पडायचं त्याला जाब विचारता येत नाही.

बदल्या थांबवा असं मी म्हणणार नाही. शिक्षक हाही संसार असलेला माणूस आहे. नवरा एका तालुक्यात, बायको दुसऱ्या, मूल आजोळी, अशी वर्षं काढणारी जोडपी आहेत. दुर्गम शाळेत दहा वर्षं राबलेल्या बाईंनी तिथेच राहावं असं आपण कुठल्या तोंडाने सांगणार? पण बदली मे महिन्यातच व्हावी, पोर्टल, कोर्टकज्जे आणि आचारसंहितेत ती लांबली तर त्या वर्षापुरती ती रद्द व्हावी, आणि मध्यसत्रात वर्गशिक्षक हलवायला गटशिक्षणाधिकाऱ्याला लेखी कारण द्यावं लागावं, एवढं तर करता येईल. चार्ज देताना जुन्या आणि नव्या शिक्षकाने एक दिवस वर्गात एकत्र बसावं, मुलागणिक बोलावं, आणि तो दिवस कामाचा धरला जावा.

दोन वर्षं तोच वर्ग हे मुख्याध्यापकाच्या अखत्यारीत आहे, त्यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही. अडचण येते ती पालकांकडून. ‘पुन्हा तेच सर?’ असं विचारणारे पालक प्रत्येक शाळेत निघतात, आणि मला वाटतं त्यांचं ऐकायला हवं. काही मुलांचं त्या शिक्षकाशी खरोखरच जमलेलं नसतं. जातीवरून, आडनावावरून किंवा नुसत्या पहिल्या मतावरून शिक्का बसलेला असतो, आणि असं दुसरं वर्ष म्हणजे त्या मुलाला शिक्षाच. तेव्हा दुसऱ्या वर्षीही तोच शिक्षक हा नियम असावा, पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तुकडी बदलून मागण्याचा अर्ज पालकाला कारण न देता करता यावा, आणि तो कुणी केला हे त्या शिक्षकाला कळू नये. एकच तुकडी असलेल्या गावात हा मार्ग चालणार नाही. तिथे शाळा व्यवस्थापन समितीलाच त्या पालकाबरोबर आणि शिक्षकाबरोबर बसावं लागेल, आणि बहुतेक ठिकाणी ही समिती अजून फक्त सह्यांपुरती जमते.